अप जलद

शनिवारच्या पेपरात आतल्या पानावर रविवारच्या ब्लॉकची बातमी असते. उपनगरांत ती जितक्या मनोभावे वाचली जाते, तितकं भाग्य अग्रलेखाच्या वाट्याला कधी आलेलं नाही. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाऊन जलद मार्ग, सकाळी अकरा ते दुपारी चार. अप जलद गाड्या मुलुंडपासून अप धीम्या मार्गाने जातील, माटुंग्याला पुन्हा अप जलद होतील आणि या सगळ्या उलाढालीत पंधरा मिनिटं उशिरा पोचतील. पश्चिम रेल्वे याच प्रकाराला जम्बो ब्लॉक म्हणते. मध्यवाल्यांचा मेगा, पश्चिमवाल्यांचा जम्बो. माझ्या सासुरवाडीचे लोक बोरिवलीचे असल्यामुळे ब्लॉकसुद्धा आपलाच मोठा, असं त्यांना वाटतं.

बातमी वाचून झाली की घरातून पहिला प्रश्न येतो, "मग दादरला जायचं ते अप की डाऊन?"

प्रश्न विचारणाऱ्याने अर्धं आयुष्य त्याच लोकलमध्ये लटकून काढलेलं असतं. चौथी सीट कुणाला द्यायची, कुठल्या डब्यात भजन आहे, घाटकोपरला कुठल्या बाजूने लोंढा येतो, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण अप आणि डाऊन आले की गडी गडबडतो. उत्तर द्यायला प्रत्येक बिल्डिंगमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका असतात. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "अहो, सोप्पं आहे. मुंबईकडे जाते ती अप. मुंबईकडून येते ती डाऊन."

हे सांगताना काका मुलुंडमधल्या आपल्या गॅलरीत उभे असतात. मुलुंड आणि बोरिवली बृहन्मुंबईच्या हद्दीत आली १९५७ साली. अंधेरी आणि घाटकोपर त्याआधी, १९५० साली. म्हणजे मुंबईकर म्हणून तिथल्या लोकांना आम्हा मुलुंडकरांपेक्षा सात वर्षांची सेवाज्येष्ठता आहे आणि ती त्यांच्या बोलण्यात दिसते. पण इतकी वर्षं झाली तरी या चारही ठिकाणची जुनी माणसं घराबाहेर पडताना "जरा मुंबईला जाऊन येतो" असंच म्हणतात. घरपट्टी मुंबईला भरायची, मत मुंबईत द्यायचं, खड्डे मुंबईचे वापरायचे आणि मुंबईला जायला पास काढायचा! अप हा शब्द आम्हाला कळत नाही असं नाही. आपण खाली राहतो हे त्याच्यामुळे दर शनिवारी छापून येतं, ते सोसत नाही.

वास्तविक खाली कोण राहतं हा प्रश्नच आहे. नकाशा भिंतीवर टांगून पाहा. विरार वर, बोरिवली त्याच्याखाली, मग अंधेरी, आणि चर्चगेट पार तळाला. अप गाडी नकाशात सरळ खाली उतरते. बरं, नकाशा सोडा, जमीन बघा. चर्चगेटच्या पलीकडचा बराचसा भाग समुद्रात भर घालून तयार केलेला. तिथून आणखी खाली जायचं तर ओहोटीची वाट पाहावी लागेल. तरी तिकडे जाणारी गाडी अप. कारण विलायतेत लंडनला जाणारी गाडी अप. साहेबाने रूळ आणले, इंजिनं आणली, आणि त्यांच्याबरोबर हा शिष्टाचारही आणला की राजधानी जिथे असेल ते वर. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावून, एकवीस तोफांची सलामी घेऊन, चारशे पाहुण्यांना बसवून जी गाडी ठाण्याला निघाली, ती या हिशेबाने डाऊन गाडी. आपल्या देशाच्या रेल्वेयुगाचा शुभारंभ डाऊनने झाला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात घालत नाहीत.

याची खरी गंमत बघायची तर कर्जतला जावं. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी डाऊन. ही डाऊन गाडी कर्जतला थांबते, तिला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. जोडणी होईपर्यंत प्रवासी बटाटेवडे खाऊन आपापला भार वाढवून ठेवतात. मग ती बिचारी डाऊन गाडी बोरघाट चढते. चढ कसला, तर सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. पुढची इंजिनं ओढतायत, मागची ढकलतायत, डब्यातली पोरं बोगदे मोजतायत आणि रेल्वेच्या दप्तरात गाडी खाली जाते आहे! डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून येताना घाटातून ब्रेक लावत लावत उतरते, तेव्हा ती अप. गणिताचा आणि गुरुत्वाकर्षणाचा असा धडधडीत अपमान १८६३ साली घाट सुरू झाल्यापासून चालू आहे. न्यूटनला बोरघाट दाखवला असता तर सफरचंद मुकाट्याने खाऊन तो घरी गेला असता.

त्या घाटात पूर्वी आणखी एक प्रकार होता. डोंगराची सोंड इतकी अरुंद की गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून मध्येच एक रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं होतं. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन पुढचं काढून मागे लावायचं, आणि मग गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडलं. बंद पडलं ते घाटात. उपनगरांनी ती पद्धत जशीच्या तशी उचलली.

उपनगरात तिला रिटर्न म्हणतात. मुलुंडच्या माणसाला सकाळी साडेआठला सीएसएमटीला जायचंय. प्लॅटफॉर्मवर अप गाडी येते, तिच्यात पाय ठेवायला जागा नाही. मग तो समोरच्या प्लॅटफॉर्मवर जातो, डाऊन गाडी पकडतो, डोंबिवलीला किंवा कल्याणला पोचतो आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा खिडकीत बसून विजयी मुद्रेने मुलुंडवरून जातो. वर जायचं तर आधी पुरेसं खाली जावं लागतं. डोंबिवलीकरांचं म्हणणं वेगळं. गाडी त्यांच्या स्टेशनातून सुटणार, पण आत येते तीच भरलेली. आतले लोक पेपर उघडून बसलेले, दोघांचा तर डोळाही लागलेला. मग भांडण. "उतरा, ही गाडी इथून सुटते." "मग सुटू द्या की! आम्ही कुठे धरून ठेवलीय?" या वादात दोन्ही बाजूंना पास असतो, दोन्ही बाजूंना लेटमार्क असतो, आणि दोन्ही बाजू मराठी असल्या तर भांडण ठाण्यापर्यंत साहित्यिक पातळीवर चालतं. पश्चिमेला हेच नाट्य विरारच्या दिशेने घडतं. तिथे पहिली लोकल १८६७ साली सुरू झाली, विरार ते बॅकबे, सकाळी तिकडे आणि संध्याकाळी इकडे. पहिल्या दिवशी सगळ्यांना जागा मिळाली असावी. त्यानंतरचा सगळा इतिहास उभ्याने झाला.

तर मुद्दा असा, की अप ही दिशाच नव्हे. जिथे साहेब बसतो ते वर. रेल्वेने हे निदान उघडपणे लिहून तरी ठेवलं आहे. सरकारी कार्यालयात तेच तोंडी चालतं. आमच्या भागातल्या एका कार्यालयात एका दाखल्यासाठी गेलो होतो. (कुठलं कार्यालय ते सांगत नाही, दाखला अजून यायचा आहे.) तिथल्या भाऊंनी पान चघळत सांगितलं, "तुमची फाईल पुटअप केली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वर गेली आहे. साहेबांकडे."

मी जिना शोधायला लागलो. भाऊ म्हणाले, "तिकडे कुठे? साहेब खाली, तळमजल्यावर."

फाईल मग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर पुटअप झाली होती. अप गाडीसारखीच. तिथून ती शेरा घेऊन पुन्हा डाऊन येणार होती, म्हणजे जिना चढून. मराठीतला 'वर' या बाबतीत इंग्रजांच्या अपला हार जाणारा नाही. वरून आदेश येतो, वरून फोन येतो, कुणाची वरपर्यंत ओळख असते, कुणाची वरची कमाई असते, आणि यातलं काहीच नसेल तर 'वरच्यावर' भरवसा ठेवायचा असतो. काम होत नाही असं दिसलं की तेच भाऊ हात वर करतात. इतकं सगळं वर असूनही पगार मात्र खालून मोजतात.

अप एकटा आला असता तर चाललं असतं. तो लेकुरवाळा आला. चेकअप, फॉलोअप, पिकअप, बॅकअप, टॉपअप. यांतले कुणीही वर जात नाही. चेकअपला गेलेला माणूस तोंड पाडून येतो. फॉलोअप घेणारा रोज फोन करतो आणि समोरचा रोज "उद्या" म्हणतो. रिक्षावाला सांगतो, "साहेब, गाडीला पिकअप नाही," आणि तुम्हाला चढाच्या आधीच उतरवतो. बॅकअपचे दोन अर्थ आहेत. पोरांच्या बॅकअपमध्ये फोटो असतात. नाक्यावरच्या तरुणाला बॅकअप आहे असं कुणी हळूच सांगितलं, तर त्यात फोटो नसतात, फ्लेक्स असतो, आणि फ्लेक्सवर सगळ्यात वर ज्यांचा चेहरा आहे ते बॅकअप. गोरेगावच्या चित्रनगरीत ज्युनिअर कलाकार म्हणून जाणारी आमच्या मजल्यावरची ताई दिवसाची वेळ मेकअप आणि पॅकअप यांतच सांगते. मधल्या बारा तासांना तिच्याकडे शब्द नाही, चहा आहे.

ब्रेकअपवरून तर आमच्या सोसायटीत अनर्थ होता होता टळला. खजिनदारांनी रंगकामाच्या बिलाबद्दल ग्रुपवर लिहिलं, "मला आजच्या आज ब्रेकअप हवं आहे." ज्या पेंटरला हे पाठवायचं होतं त्याला गेलंच नाही. त्यांच्या सुनेच्या मैत्रिणींनी मात्र रात्री अकराला फोन करून विचारपूस केली.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर लिफ्टबद्दल बोललंच पाहिजे. उपनगरातल्या जुन्या इमारती तीन-चार मजल्यांच्या. लिफ्ट नाही. तिथे सगळ्यात वरचा मजला सगळ्यात स्वस्त. वर ऊन, वर गळती, वर डास कमी एवढाच काय तो फायदा. पाहुणा चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कशासाठी आलो ते विसरायचा, त्यामुळे उसने पैसे मागायला फारसं कुणी येत नसे. मग पुनर्विकास आला. चारच्या जागी बावीस मजले उभे राहिले आणि तोच वरचा मजला सगळ्यात महाग झाला. बिल्डर त्याला फ्लोअर राइझ म्हणतो. दर मजल्यामागे चौरस फुटाला अमुक रुपये जास्त. सिमेंट तेच, खिडकी तीच, नळाला पाणीही तेच, फक्त कबुतरं जरा दमलेली येतात. जी काकू कालपर्यंत चौथा मजला म्हणून नाक मुरडायची, ती आज सतराव्या मजल्यावरून खाली बघून म्हणते, "आम्हाला ना, खालचं सहन होत नाही हो."

आणि खालच्यांना लिफ्टचं बिल सहन होत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलं आहे, की ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी लिफ्टचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, मग कुणी ती वापरो वा न वापरो. आमच्या वार्षिक सभेत हा विषय अजेंड्यावर नसतो, तरी येतो. तळमजल्यावरचे काका चहा-बिस्किटांनंतर उभे राहतात.

"अध्यक्षमहाराज, मी लिफ्टमध्ये शेवटचा कधी चढलो ते मला आठवत नाही. मी पैसे का द्यायचे?"

"काका, नियम आहे."

"मग मी रोज बसून येऊ का? वरखाली? पैसे वसूल होईपर्यंत?"

"गच्चीवर पाण्याची टाकी आहे काका. ती साफ करणारा माणूस लिफ्टने वर जातो. ते पाणी तुम्हीच पिता ना?"

"पाणी तर खाली येतं! त्याला कुठे लिफ्ट लागते?"

या वाक्यावर दरवर्षी टाळ्या पडतात आणि दरवर्षी ठराव बहुमताने नामंजूर होतो. काका पुढच्या महिन्यात पूर्ण पैसे भरतात आणि पावतीवर 'निषेध नोंदवून' असं लिहून घेतात. शेवटी त्यांच्या मुलाने त्यांना पटवलं, की लिफ्टमुळे फ्लॅटची किंमत वाढते. काकांनी विचारलं, "वरच्यांची की माझी?" मुलगा अजून उत्तर शोधतो आहे.

खरोखरच वर राहणारी माणसं उपनगरात वेगळी आहेत. घाटकोपरहून वर्सोव्याची मेट्रो पकडलीत की थोड्याच वेळात असल्फा येतं. खिडकीतून डोंगर दिसतो, अंगाखांद्यावर घरं घेऊन उभा. २०१८ च्या सुमारास या घरांच्या भिंती स्वयंसेवकांनी रंगवल्या, तेव्हापासून मेट्रोतले लोक त्याचे फोटो काढतात आणि ही परदेशातली कुठली तरी जागा वाटते म्हणून सांगतात. तिथे सगळ्यात वरच्या घरातून जो देखावा दिसतो त्याचा टॉवरमध्ये फ्लोअर राइझ लागला असता. इथे बाई दोन हंडे घेऊन शंभर पायऱ्या चढते, कारण पाणी दाब नसला की वर जात नाही, आणि दाब नेहमी खालच्यांच्या नळाला असतो. उंचावर राहणाऱ्या या लोकांना अप्पर क्लास म्हणताना अजून तरी कुणाला ऐकलेलं नाही. पावसाळ्यात दरडीची नोटीस मात्र न चुकता वर पोचते.

मेट्रोची एक गोष्ट मला आवडते. २०१४ साली सुरू झालेली ही पहिली मेट्रो धावते पूर्व-पश्चिम. एका टोकाला वर्सोवा, एका टोकाला घाटकोपर. दोन्हीकडे साहेब नाही. त्यामुळे तिला अप म्हणावं की डाऊन हा विचार प्रवाशांच्या मनाला शिवतच नाही. संध्याकाळी घाटकोपरला रेल्वेच्या पुलावरून मेट्रोत आणि मेट्रोतून रेल्वेच्या पुलावर जी गर्दी एकमेकांत मिसळते, तिच्यात कोण वर आणि कोण खाली हे कुणीच सांगू शकत नाही. पाय जमिनीला लागत असले तर चाललंय असं समजायचं.

वर जाण्याच्या बाबतीत उपनगरातला सगळ्यात मोठा पराक्रम मात्र अंधेरीचा. तिथे रेल्वे ओलांडून जाणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल आहे. २०१८ च्या जुलैत त्याचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात अख्खा पूल धोकादायक म्हणून बंद झाला. अंधेरी पूर्वेला राहणारे लोक पश्चिमेच्या नातेवाइकांना फक्त व्हिडिओ कॉलवर भेटू लागले. २०२४ च्या २६ फेब्रुवारीला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. नारळ फुटला, फीत कापली, आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की हा नवा पूल शेजारच्या सी. डी. बर्फीवाला उड्डाणपुलाला मिळतच नाही. रेल्वेच्या नव्या नियमांप्रमाणे रुळांवरची उंची वाढवावी लागली होती. ती वाढवली. शेजारच्याला कुणी कळवलं नसावं. दोन पुलांच्या मध्ये दीड मीटरहून जास्त उंचीची पायरी राहिली. फोटो घराघरांत गेले. उडी मारायची की शिडी लावायची यावर तज्ज्ञांच्या आधी लोकांनीच अहवाल दिले.

मग उपाय निघाला. गोखले पूल खाली येणार नव्हता, तो वरचा. म्हणून बर्फीवाल्याला वर घ्यायचं ठरलं. खाली हायड्रॉलिक जॅक लावले आणि उड्डाणपुलाचा जोडणीकडचा भाग हळूहळू उचलला, एका बाजूने १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर. मोटारीचं पंक्चर काढताना आपण लावतो तोच जॅक, जरा वाढत्या वयाचा. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल एकमेकांना मिळाले आणि गाड्या सुरू झाल्या. काम खरोखर अवघड होतं आणि अभियंत्यांनी ते नीट केलं, हेही सांगायला हवं. नाही तर लोक फक्त पायरीच लक्षात ठेवतात.

ही बातमी मी तळमजल्यावरच्या काकांना वाचून दाखवली. पूल जॅकवर कसा उचलला, मिलिमीटरसकट. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "खर्च कुणी दिला?"

"महापालिकेने."

"म्हणजे सगळ्यांनी?"

"हो. सगळ्यांच्याच करातून."

"मुलुंडवाल्यांनीसुद्धा? त्या पुलावरून कधी न जाणाऱ्यांनी?"

मी मान हलवली. काका आत गेले आणि या वर्षीच्या वार्षिक सभेसाठी टिपण काढायला बसले.